पेशंटच्या घरचे कोण?

अकोल्याच्या स्टेशनावर मला सोडायला चौघं आली होती. आई-बाबा अमरावतीहून सकाळच्या बसनं, आणि आत्या नि नलूमावशी जठारपेठेतून ऑटोनं. गाडी यायला वेळ होता. सगळे माझ्या दोन बॅगांभोवती असे उभे होते, जसं काही परदेशात त्या बॅगाच चालल्या आहेत. आई सारखी विचारत होती, स्वेटर वरच ठेवलं ना. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी बॅगांची चाकं फिरवून पाहिली, एक अडकत होतं, ते प्लॅटफॉर्मवर उकिडवे बसून मोकळं करून दिलं. आत्या मुख्याध्यापिका, तिनं सहलीला निघालेल्या वर्गाला द्याव्यात तशा सूचना दिल्या. गाडी हलली तेव्हा नलूमावशीनं खिडकीतून हात आत घालून माझ्या कपाळाला पालथा लावला, ताप बघतात तसा. ती नर्स. तिची माया अशीच असायची.

मी रडलो नाही. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून वाईट वाटत होतं. माझं मन मुलींत नाही, मुलांत गुंततं, हे मला बारावीतच कळलं होतं. कळून करायचं काय, हे मात्र सांगणारं कुणी नव्हतं. अकोला मोठं शहर आहे असं आपण म्हणतो, पण चौकात चहा प्यायला उभं राहिलं की तिथला माणूस विचारतो, ‘तुमी मॅडमचे भाचे ना?’ चुलतभावांची लग्नं एकामागून एक लागत होती. प्रत्येक मांडवात कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणायचं, पुढच्या उन्हाळ्यात याचा नंबर. डेन्मार्कमध्ये शिकायला जागा मिळाली तेव्हा सगळ्यांना वाटलं पोरगा शिकायला चालला. मला एकट्याला माहीत होतं, मी उन्हाळा चुकवायला चाललोय.

कृषी विद्यापीठात शिकत होतो ती चार वर्षं मी आत्याकडेच राहिलो होतो. जठारपेठेतल्या तिच्या घरी ती आणि नलूमावशी अशा दोघीच राहायच्या. आत्यानं लग्न केलं नव्हतं. नलूमावशी पातूरची, वेगळ्या समाजातली. दोघींची ओळख अमरावतीला शिकताना झाली आणि पुढं नलूमावशीनं खटपट करून अकोल्याला बदली मागून घेतली. पुढं बढतीवर बुलढाण्याला जायची वेळ आली तेव्हा तिनं बढतीच सोडली. तिच्या घरच्यांचं येणं-जाणं कधीच बंद झालं होतं, का ते कुणी बोलायचं नाही. गल्लीत त्यांना ‘शाळावाल्या बाई’ आणि ‘दवाखान्यावाल्या बाई’ म्हणत. कुणाचं पोरगं गणितात नापास झालं की आत्याकडे यायचं, कुणाच्या म्हाताऱ्याला इंजेक्शन द्यायचं असलं की नलूमावशीला बोलावणं यायचं. त्या घरात मी पोटभर जेवलो, अभ्यास केला, झोपलो. त्या दोघी कोण आहेत हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. आत्या ती आत्या, मावशी ती मावशी.

डेन्मार्कमधलं शिक्षण संपल्यावर मला आइसलंडमध्ये नोकरी लागली. टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये. आपल्याकडे काळ्या मातीत पाय रुततात. इथं माझी झाडं मातीत नाहीतच, दगड वितळवून केलेल्या लोकरीच्या विटांत उभी असतात. बाहेर बर्फ, आत दिव्यांचा पिवळा उजेड आणि जमिनीखालच्या गरम पाण्याची ऊब. गावाच्या कडेला जागोजागी भुईतून वाफ निघते. हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवून जातो, तेवढाच. पहिल्या जानेवारीत मला अकोल्याच्या मे महिन्याची आठवण आली आणि माझं मलाच हसू आलं, कारण त्या उन्हाला शिव्या देतच मी वाढलो होतो.

या सबंध देशात मिळून आपल्या अकोला शहराइतकीही माणसं नाहीत. इथंही सगळे सगळ्यांना ओळखतात. दुकानातली बाई मला विचारते, तू त्या ग्रीनहाऊसमधला ना. सुरुवातीला तो प्रश्न ऐकला की अंग चोरल्यासारखं व्हायचं. हळूहळू लक्षात आलं की ओळख काढून झाली की ती पुढं टोमॅटोचाच भाव विचारते. ओळखणं आणि पाळत ठेवणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे मी या गावात शिकलो.

ऑरी तिथंच भेटला. तो सुतारही आहे आणि काचाही बसवतो. वादळात ग्रीनहाऊसच्या काचा फुटल्या की त्याला बोलावतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात वादळं पुष्कळ झाली. काचा बसवून झाल्या तरी तो कॉफीसाठी रेंगाळायला लागला, तेव्हा मला समजलं. वर्षभरात आम्ही एका घरात राहायला लागलो. घरी फोनवर मी ‘रूममेट’ म्हणायचो. बाबा लहानपणापासून मला सांगत आले होते, ‘आपण कोण हे लपवून राह्यचं नाही. आडनाव विचारलं तं ताठ मानेनं सांगायचं.’ ते जातीबद्दल बोलत होते. स्वतः त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तेच केलं होतं आणि त्याची किंमतही मोजली होती. त्यांचा मी मुलगा, आणि फोनवर ‘रूममेट’ म्हणताना माझा आवाज खाली जायचा.

पहिल्यांदा प्राइडची मिरवणूक बघायला मला ऑरीच घेऊन गेला. ऑगस्टचा महिना, रेक्याविक शहर, वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. माझ्या मनात काहीतरी भडक, मोठ्या शहरातलं, फक्त ‘आमच्यासारख्यांचं’ असं चित्र होतं. बघतो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून आज्या बसलेल्या, मांडीवर गोधड्या. बापांच्या खांद्यावर पोरं, पोरांच्या गालांवर रंग. अग्निशमनवाले चालले, चर्चमधले पाद्री चालले, एका शाळेचे मास्तर आपल्या वर्गासकट चालले. दोन पुरुष एक बाबागाडी ढकलत होते आणि लोक त्यांच्याकडे नाही, आतल्या बाळाकडे बघून हात हलवत होते. सगळं गाव आलं होतं. मला गर्दीत उभं राहून फार एकटं वाटलं त्या दिवशी, कारण माझं गाव त्यात नव्हतं.

त्या दिवसाबद्दल मी नाव न लावता इंटरनेटवर लिहिलं. तेव्हापासून आपल्याकडची काही पोरंपोरी मला मेसेज करतात. कुणी अमरावतीचा, कुणी मूर्तिजापूरची. विचारतात, आम्ही दोघं फिरायला आलो तर चालेल का, हॉटेलात काही म्हणतील का. मी सांगतो, या. हॉटेलवाला एक खोली देईल आणि नाश्त्याची वेळ सांगेल. हात धरून फिरा, बसमध्ये कुणी वळून बघणार नाही. वाकडं बोलणारं एखादं माणूस इथंही भेटतं, जेवण महाग आहे आणि पावसाचं जाकीट विसरू नका. पण हात धरल्यावर आजूबाजूला बघायची जी सवय आपल्या मानेला लागलेली असते, ती इथं चार दिवसांत जाते. परत गेल्यावर पुन्हा लागते, तेही सांगतो.

आत्या आणि नलूमावशी दोघी रिटायर झाल्यावर इथं आल्या. आत्यानंच फोनवर ठरवून टाकलं, ‘तू काही येत नाही, मंग आमीच येतो.’ ऑगस्ट मीच सुचवला, तेव्हाच जरा थंडी कमी असते म्हणून. प्राइडच्या शनिवारी त्यांना शहराबाहेर धबधबे दाखवायला न्यायचं, असंही मनात ठरवून टाकलं. ऑरीनं आपलं सामान शेजारच्या छोट्या खोलीत हलवलं. सामान हलवताना मी त्याला मदत केली, ते मला अजून आठवतं.

दोघी आल्या आणि घर भरलं. भुईतून निघणारी वाफ पाहून आत्या म्हणाली, ‘बाप्पा, इथं तं जमीनच उकयून राहिली.’ ऑरीच्या आईनं, सिग्गानं, तळलेल्या पिठाच्या पिळदार वड्या पाठवल्या. नलूमावशीनं एक तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘शंकरपाये आहेत हे. फक्त मोठे केले.’ ऑरीला त्या ‘ऑरीबाबू’ म्हणायला लागल्या. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती, तरी स्वयंपाकघरात तिघांचं छान चालायचं.

शुक्रवारी दुपारी आम्ही समुद्रावर गेलो. ओल्या खडकावर आत्याचा पाय घसरला आणि ती हातावर पडली. नलूमावशीनं तिथल्या तिथं मनगट बघितलं, गळ्यातल्या स्कार्फनं हात बांधला आणि मला म्हणाली, ‘फ्रॅक्चर आहे. चाल दवाखान्यात.’ आवाज एकदम ड्यूटीवरचा.

दवाखाना छोटा, गावातलाच. तिथला ब्रदर पोरगेलासा, मन लावून काम करणारा. आत्याला पलंगावर बसवून त्यानं कॉम्प्युटरवर माहिती भरायला घेतली. मी मध्ये भाषांतराला. नाव, वय, कुठली औषधं चालू. मग तो नलूमावशीकडे वळून म्हणाला, या पेशंटच्या कोण?

हा प्रश्न नलूमावशीनं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. वॉर्डच्या दारात उभं राहून, ‘पेशंटच्या घरचे कोण आहे?’ आणि एकदाच तो तिच्यावर आला होता. आत्याचं गर्भाशयाचं ऑपरेशन एका खासगी दवाखान्यात झालं तेव्हा. तिनं ‘बहीण’ म्हणून सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं आडनावं बघितली आणि रक्ताचं माणूस बोलवा म्हणाला. अमरावतीहून बाबा येऊन सही करेपर्यंत ऑपरेशन थांबलं. नलूमावशी बाहेरच्या बाकावर बसून होती. मी तेव्हा कॉलेजात. तिच्यासाठी चहा घेऊन गेलो होतो, तो तिनं तसाच हातात धरून ठेवला होता.

मी ब्रदरला सांगायला तोंड उघडलं, ‘सिस्टर...’

‘थांब,’ नलूमावशी म्हणाली. ‘त्यानं मले विचारलं.’

ती आत्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ब्रदरकडेच बघत मराठीत म्हणाली, ‘सांग त्याले, मी पेशंटच्या घरची आहो. पस्तीस वर्षं झाले.’

आत्या छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, ‘छत्तीस.’

मी अडलो. ‘घरची’ या शब्दाचं काय करू, मला सुचेना. आमच्याकडे बापही घरचा, बहीणही घरची आणि नवरा बायकोला म्हणतो तीही घरचीच. शेवटी मी ‘पार्टनर’ म्हणालो. ब्रदरनं ते टाइप केलं, वर बघितलंही नाही, आणि पलंगाशेजारी नलूमावशीसाठी खुर्ची ओढून दिली. मग आत्याचं सगळं तो तिलाच विचारत राहिला. कुठलं औषध सोसत नाही, रात्री झोप लागते का. एक्स-रेच्या खोलीच्या दारापर्यंत ती आत्याच्या चपला हातात घेऊन गेली.

आम्ही दोघं बाहेर बसलो. मी म्हटलं, ‘मावशी, ऑरी बी माह्या घरचाच आहे.’

‘मालूम आहे.’

‘कसं?’

‘तो तुह्या ताटातला कच्चा कांदा काढून घेते, न विचारता. रूममेट असं करत नाही.’ आत्याच्या चपला तिनं नीट जोडून ठेवल्या. ‘तुह्या आत्यानंच मले दाखोलं.’

मग तीच म्हणाली, ‘चार वर्षं राह्यला तू आमच्या घरी. तुले आमी दिसलो नाही काय रे?’

‘दिसले. समजलं नाही.’

‘आमी बी कधी बोललो नाही. बोलाची गरज नोती म्हणतो आमी.’ मग जरा थांबून, ‘गरज होती. हिंमत नोती.’

शनिवारी धबधब्याला कुणी गेलं नाही. सकाळी ऑरीनं विचारलं, आज शहरात मिरवणूक आहे, बघायची का. मी ते भाषांतर केलं, कशाची मिरवणूक तेही सांगितलं. आत्या आत जाऊन पांढरी साडी नेसून आली. एका हाताला प्लास्टर म्हणून निऱ्या नलूमावशीनं घातल्या. वरून सिग्गाचा जाड लोकरी स्वेटर.

आम्ही रस्त्याच्या कडेला जागा धरली. मिरवणूक येताना दिसली तशी आत्याची मान ताठ झाली. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, झेंडे, बँड, बाबागाड्या, नटलेले पुरुष, साध्या कपड्यांतल्या बाया. मग मला म्हणाली, ‘मिल्या, हे तं आपल्या चौदा एप्रिलसारखं आहे.’ लहानपणी ती आजोबांचं बोट धरून त्या मिरवणुकीत जायची. धुतलेले पांढरे कपडे, निळे झेंडे. काही घरांच्या खिडक्या लागायच्या, तरी हमरस्त्यानंच जायचं. ज्यांना कडेकडेनं चालायला सांगितलं होतं त्यांनी वर्षातून एक दिवस मधोमध चालायचं, एवढं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

मागून वयस्कर बायकांचा एक गट आला. केस पांढरे, जाकिटं साधी, जोडीजोडीनं चालणाऱ्या. त्यांतल्या एकीनं आत्या-मावशीच्या साड्या बघितल्या आणि हातानं बोलावलं, या.

‘नले, चाल,’ आत्या म्हणाली. ‘मिरवणूक चालली अन आपण फुटपाथवर, हे काही बरोबर नाही.’

नलूमावशी मागं सरली. ‘फोटो काढून राहिले सारे. अकोल्यात कोणी पाह्यलं तं?’

‘अकोल्यात छत्तीस वर्षं पाहूनच तं राहिले.’

आणि ती उतरली. प्लास्टरचा हात पोटाशी, दुसरा मागं पुढं केलेला. नलूमावशीनं तो धरला. त्या अनोळखी बाईनं नलूमावशीचा दुसरा हात धरला. ऑरी आणि मी मागून चाललो. घरचं माणूस समोर असताना मी त्याचा हात धरण्याची ती पहिलीच वेळ.

शेवटी तळ्याजवळच्या बागेत आम्ही बाकावर बसलो. आत्या खुशीत होती. तिला एकच तक्रार होती, ‘घोषणा कमी आहेत यायच्या.’ नलूमावशीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते वाऱ्यानं आलंय असं म्हणत होती. मग म्हणाली, ‘हे आमाले वीस-पंचवीस वर्षांआधी भेटाले पायजे होतं.’ आत्यानं फक्त तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. या देशाचं मला कितीही कौतुक असलं तरी ती पंचवीस वर्षं तो परत देऊ शकत नाही, आणि माझा देशही नाही. आता आपल्याकडे कायदा आम्हाला गुन्हेगार म्हणत नाही. लग्न मात्र मानत नाही. दवाखान्यातला तो प्रश्न आपल्याकडे अजून तिथंच आहे.

परत गेल्यावर आत्यानं एक काम केलं. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ती अमरावतीला गेली आणि माझ्या परवानगीनं आई-बाबांना माझं सांगितलं. पुढचं मला नलूमावशीनं फोनवर कळवलं. बाबा उठून अंगणात गेले आणि चांगली चालणारी स्कूटर त्यांनी उघडून ठेवली. संध्याकाळी हात धुऊन आत आले आणि आत्याला विचारलं, ‘अन तुमी दोघी?’

‘आमी बी.’

‘ते मालूम होतं मले,’ बाबा म्हणाले. ‘म्हटलं, तुले सांगाचं तवा सांगशीन.’

आई रडली. तिची भीती एकच होती, म्हातारपणी याला कोण बघेल. आत्या तिला म्हणाली, ‘वहिनी, माह्याकडं पाह्य. मले कोण पाह्यते?’

सगळं गोड झालं असं नाही. एका चुलतभावानं मला घरच्या ग्रुपमधून काढलं. एक काका अजून बोलत नाहीत. बाबांनीही कित्येक आठवडे फोन केला नाही. आई फोन करायची, पावसाचं, शेजाऱ्यांचं सांगायची आणि ठेवून द्यायची. मग एका रविवारी बाबांचा फोन आला. विचारलं, ‘त्या पोराले मायबाप आहेत काय?’

‘आई आहे.’

‘मंग त्यायच्याशी बोलणं करून दे. मोठ्यायनं मोठ्यायशी बोललं पायजे.’

व्हिडिओ कॉलवर बाबा इस्त्रीच्या शर्टात बसले होते, आई बाजूला, नवी साडी. इकडे सिग्गानंही केस करून घेतले होते. मी आणि ऑरी मधोमध. बाबांनी तिला विचारलं, तुमच्याकडे जमीन कशी आहे. ती म्हणाली, दगडाची. बाबा म्हणाले, मग कष्ट पडले असतील. ती म्हणाली, पडले. एवढ्यावर दोघांचं जमलं. आत्यानं मिरवणुकीचं वर्णन करून ठेवलं होतंच. आई म्हणाली, आम्ही पुढल्या ऑगस्टात येतो.

तुम्ही जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हा सगळ्यांना मला घराविषयी काही शहाणपणाचं सांगता येणार नाही. अकोल्याहून निघताना घर मागं राहिलं असं वाटलं होतं. इथं आल्यावर छप्पर मिळालं, ऊब मिळाली, माणूस मिळालं, तरी मी स्वतः त्याला ‘घर’ म्हणताना अडखळायचो. बाबा तर कधीच म्हणायचे नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या लेखी ती ‘तुही रूम’ होती. रूमवर थंडी वाजते काय, रूमचं भाडं वाढलं काय.

कॉलच्या शेवटी सिग्गा म्हणाली, तिची वरची खोली रिकामी आहे, माझ्या आई-बाबांसाठी ती तयार ठेवेल. मी बाबांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण सभ्यपणे म्हणाले, ‘त्यायले म्हणा, आभारी आहो. पण पोरायचं घर असताना आमी दुसरीकडं कायले उतरू?’

ऑरीनं कोपरानं ढोसून विचारलं, काय म्हणतात.

‘घरी उतरणार म्हणतात,’ मी सांगितलं. ‘आपल्या.’